टर्मिनलमधला छोटा कलर पिकर एयूआरवर पॅकेज करताना

आर्च लिनक्सच्या एयूआरला, म्हणजे आर्च युजर रिपॉझिटरीला, रिपॉझिटरी म्हणत असले तरी तिथे तयार पॅकेजं ठेवलेली नसतात. तिथे प्रत्येक पॅकेजची एक छोटी गिट रेपो असते आणि तिच्यात पीकेजीबिल्ड नावाची बॅश स्क्रिप्ट. सोर्स कुठून घ्यायचा, बिल्ड कसा करायचा, कुठली फाइल कुठे ठेवायची, एवढं ती सांगते. बिल्ड होतो तो वापरणाऱ्याच्या मशीनवर, आणि तयार झालेलं पॅकेज पॅकमन हा आर्चचा पॅकेज मॅनेजर रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या, अधिकाराने इन्स्टॉल करतो. तिथे खातं कोणालाही उघडता येतं आणि स्क्रिप्टही कोणालाही टाकता येते.

त्याचा गैरफायदा घेतला गेला आहेच. जुलै २०१८ मध्ये ॲक्रोरीड हे बेवारस, म्हणजे सांभाळणारा मेंटेनर नसलेलं, पॅकेज एकाने दत्तक घेतलं आणि त्यात बाहेरची स्क्रिप्ट ओढून चालवणारी ओळ घुसवली. जुलै २०२५ मध्ये लिब्रवुल्फ, फायरफॉक्स आणि झेन या ब्राउझरांच्या नावांशी साधर्म्य असलेली तीन पॅकेजं वर आली. त्यांच्यातून दूरून ताबा घेणारा ट्रोजन पसरत होता. दोन दिवसांत ती काढली गेली. अशा घटनांमुळे शहाणी माणसं इन्स्टॉल करण्याआधी पीकेजीबिल्ड उघडून वाचतात. म्हणून पुढचं सगळं मी एकाच कसोटीवर लिहितोय: तुम्हाला न ओळखणाऱ्या, मनात थोडा संशय असलेल्या माणसाने तुमची फाइल मिनिटभरात वाचून संपवावी आणि कुठेही त्याची भुवई वर जाऊ नये.

उदाहरणासाठी एक काल्पनिक साधन घेऊ, ‘रंगवेच’. रस्ट भाषेत लिहिलेलं, एमआयटी लायसन्सचं. टर्मिनलमध्ये छटा, तीव्रता आणि उजळपणा यांचे तीन स्लायडर दिसतात, बाणाच्या कळांनी ते हलवायचे, एंटर दाबलं की रंगाचा हेक्स कोड मिळतो. सोबत शेंदरी, मोरपंखी, आमसुली, अबोली, डाळिंबी अशा नावांची एक यादी, म्हणजे नाव टाकूनही रंग काढता येतो. ही यादी पुढे आपल्याला बरीच दमवणार आहे.

(कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायची.)

आधी शोधाशोध

पहिलं काम, हे साधन आधीच कुठे आहे का ते बघणं. ‘पॅकमन -एसएस’ने अधिकृत रेपो धुंडाळा, मग एयूआरच्या साइटवर शोधा. अधिकृत रेपोत असलेलं पॅकेज एयूआरवर टाकायला परवानगी नाही. उदाहरणार्थ, टर्मिनलमध्ये रंग दाखवणारं, बदलणारं ‘पेस्टल’ हे रस्टमधलंच साधन आर्चच्या एक्स्ट्रा रेपोत आहे. तुम्हाला हवं ते काम पेस्टल करत असेल तर इथेच थांबा, तुमची संध्याकाळ वाचली. (जुन्या लेखांमध्ये ‘कम्युनिटी’ रेपोचा उल्लेख सापडेल. ती मे २०२३ मध्ये एक्स्ट्रामध्ये विलीन झाली, तेव्हा तिथे काही शोधू नका.)

पॅकेजचं नाव लहान रोमन अक्षरांतच ठेवा. देवनागरीत नाव द्यायचा मोह झाला तरी मेकपीकेजी, म्हणजे पीकेजीबिल्डवरून पॅकेज बांधणारी कमांड, ते नाकारते: अक्षरं, अंक आणि मोजकी चार-पाच चिन्हं, तेही आस्कीमधलीच. पीकेजीबिल्डच्या अगदी वरच्या मेंटेनर कमेंटमध्ये मात्र स्वतःचं नाव देवनागरीत लिहायला हरकत नाही.

मग मूळ प्रकल्पाच्या रेपोत तीन गोष्टी तपासा. रिलीजचा टॅग आहे का? लायसन्सची फाइल आहे का? आणि कार्गो डॉट लॉक (रस्टचं बिल्ड साधन कार्गो यात डिपेंडन्सींच्या, म्हणजे लागणाऱ्या बाकीच्या कोडच्या, नेमक्या आवृत्त्या नोंदवतो) ही फाइल कमिट केलेली आहे का? तिसरी सगळ्यात जास्त अडवते. लॉक फाइल नसेल तर आज बिल्ड झालेलं पॅकेज आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या मशीनवर झालेलं पॅकेज यांच्यात डिपेंडन्सीच्या आवृत्त्या वेगवेगळ्या येतात, आणि मग ‘माझ्याकडे तर चालतंय’ हा संवाद सुरू होतो. यातलं काही नसेल तर मूळ लेखकाला नम्रपणे विनंती करा. पॅच स्वतः बाळगत बसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

हत्यारं

बेस-डेव्हल (जीसीसी, मेक अशी बिल्डची मूलभूत हत्यारं), गिट, डेव्हटूल्स, नेमकॅप आणि पॅकमन-कॉन्ट्रिब ही पॅकेजं इन्स्टॉल करा. एयूआरवर खातं काढा. फक्त त्यासाठी वेगळी ईडी-२५५१९ प्रकारची एसएसएच की तयार करा आणि तिचा सार्वजनिक भाग खात्याच्या पानावर चिकटवा. एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये एयूआरच्या होस्टसाठी ही की आणि ‘एयूआर’ हे युजरनेम नोंदवून ठेवलंत की दर वेळी आठवावं लागत नाही.

मेकपीकेजी साध्या युजरनेच चालवायचा. रूटने चालवायला गेलात तर तो सरळ नकार देतो, आणि योग्यच करतो.

पीकेजीबिल्डचा वरचा अर्धा भाग

‘यूएसआर/शेअर/पॅकमन’मध्ये पीकेजीबिल्डचा नमुना ठेवलेला असतो. तो कॉपी करा, पण त्यातली न लागणारी सगळी रिकामी व्हेरिएबल्स काढून टाका. रिकाम्या कंसांच्या दहा ओळी कोणाच्याच कामाच्या नसतात.

पीकेजी-व्हर म्हणजे मूळ प्रकल्पाची आवृत्ती. यात आडवी रेघ चालत नाही. प्रकल्पाने १.२.०-बीटा असं काही काढलं असेल तर रेघ काढून बीटा थेट अंकाला जोडा, टिंब देऊ नका. पॅकमनच्या तुलनेत १.०आरसी ही १.० पेक्षा जुनी ठरते, पण १.०.ए ही १.० पेक्षा नवी ठरते. म्हणजे एका टिंबामुळे वापरणारे बीटावरच अडकतात आणि पक्की आवृत्ती आल्यावर पॅकमन त्यांना ‘तुमच्याकडे आधीच नवी आहे’ असं सांगतो. शंका असेल तेव्हा ‘व्हरकंप’ला दोन आवृत्त्या देऊन विचारा: उत्तर -१ आलं तर पहिली जुनी, १ आलं तर पहिली नवी.

पीकेजी-रेल हा तुमचा स्वतःचा आकडा. साधनाची आवृत्ती तीच असताना तुम्ही पॅकेजिंगमध्ये काही सुधारलं तर तो एकने वाढवायचा, नवी आवृत्ती आली की परत १. ईपॉक नावाचं एक व्हेरिएबल आहे, ते आवृत्तीचा क्रम कायमचा बिघडला तरच वापरायचं. एकदा लावलं की परत काढता येत नाही.

वर्णन साधारण ८० अक्षरांत बसवा आणि त्यात पॅकेजचं नाव पुन्हा लिहू नका. ‘रंगवेच हे एक अप्रतिम साधन आहे’ यातून शोधणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘टर्मिनलमध्ये स्लायडरने रंग निवडून हेक्स, आरजीबी, एचएसएल कोड देणारं साधन’ यातून सगळं कळतं. वर्णन इंग्रजीत लिहायचं असल्याने या वाक्याचा इंग्रजी अवतार तिथे जाईल.

आर्किटेक्चरच्या जागी ‘एक्स८६_६४’. ‘एनी’ बॅश किंवा पायथनच्या शुद्ध स्क्रिप्टसारख्या गोष्टींसाठी असतं, कंपाइल झालेल्या बायनरीसाठी नाही. लायसन्स एसपीडीएक्सच्या पद्धतीने लिहायचं, इथे नुसतं ‘एमआयटी’. जीपीएल किंवा अपाचे असतं तर त्यांचा मजकूर सिस्टिमवर आधीच असतो. एमआयटीच्या मजकुरात मात्र प्रत्येक प्रकल्पाची स्वतःची कॉपीराइटची ओळ असते. त्यामुळे ती फाइल ‘यूएसआर/शेअर/लायसन्सेस’खाली पॅकेजच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवावीच लागते.

आता डिपेंडन्सी. चालायला काय लागतं ते डिपेंड्समध्ये: रस्टच्या बायनरीला बहुधा ग्लिबसी आणि जीसीसीची रनटाइम लायब्ररी पुरते. बिल्डला काय लागतं ते मेकडिपेंड्समध्ये: इथे फक्त कार्गो. जीसीसी, मेक वगैरे बेस-डेव्हलमधली मंडळी गृहीत असतात, ती लिहू नका.

कलर पिकरची खरी गंमत ऑप्टडिपेंड्समध्ये आहे. निवडलेला रंग क्लिपबोर्डवर कॉपी करायची सोय असेल तर (वेलँड आणि एक्स११ या लिनक्सच्या दोन डिस्प्ले व्यवस्था) वेलँडवर त्याला डब्ल्यूएल-क्लिपबोर्ड लागतो, एक्स११वर एक्सक्लिप. दोन्ही डिपेंड्समध्ये टाकले तर सर्व्हरवर एसएसएचने काम करणाऱ्या माणसाच्या गळ्यात विनाकारण एक्सच्या लायब्ररी पडतात. म्हणून ते पर्यायी, आणि प्रत्येकापुढे कोलन देऊन कारण: ‘वेलँडवर रंग कॉपी करण्यासाठी’. हे कारण पॅकमन इन्स्टॉलच्या वेळी दाखवतो, तेव्हा ते नीट लिहा. एक मात्र आधी करून बघा: दोन्हींपैकी एकही नसताना साधन ‘कॉपी करता आलं नाही’ म्हणून पुढे जातं की कोसळतं? कोसळत असेल तर ती डिपेंडन्सी पर्यायी नाही, किंवा साधनात बग आहे. बहुतेक वेळा दुसरं.

सोर्सच्या ओळीत एक बारीक खाच असते. गिटहबवर टॅगच्या टारबॉलचं (सोर्सच्या दाबलेल्या गठ्ठ्याचं) नाव नुसतं ‘व्ही १.२.०’ असं असतं. अनेक जण सगळे सोर्स एकाच फोल्डरमध्ये जमवायला मेकपीकेजीला सांगतात, आणि तिथे दोन वेगळ्या प्रकल्पांचे ‘व्ही १.२.०’ एकमेकांवर आदळतात. म्हणून पत्त्याच्या आधी पॅकेजचं नाव आणि आवृत्ती असलेलं फाइलनाव लिहून दोन कोलन द्या, म्हणजे उतरवलेली फाइल त्या नावाने साठवली जाते. आवृत्तीचा आकडा पत्त्यात हाताने लिहू नका, पीकेजी-व्हर वापरा. नाहीतर पुढच्या अपडेटला एका जागी बदल राहून जाणार हे ठरलेलं.

चेकसमसाठी (उतरवलेली फाइल बदललेली नाही हे ताडून बघायचे आकडे) ‘अपडीपीकेजीसम्स’ चालवा, ते फाइलमध्ये आपोआप भरले जातात. ‘स्किप’ फक्त गिटमधून थेट ओढलेल्या सोर्ससाठी. इथे एक इतिहास माहीत असलेला बरा: ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहबने टारबॉल दाबायची पद्धत बदलली, आणि आतल्या फाइली तशाच असूनही जगभरच्या पॅकेजांचे चेकसम एकाएकी जुळेनासे झाले. ओरड झाल्यावर तो बदल मागे घेतला गेला. साधन क्रेट्स डॉट आयओवर, म्हणजे रस्टच्या पॅकेजांच्या (क्रेटांच्या) साठ्यावर, प्रकाशित झालेलं असेल तर तिथली क्रेट फाइल सोर्स म्हणून घेणं मला जास्त पसंत आहे. ती एकदा चढली की बदलत नाही.

आणि एखाद्या दिवशी चेकसम जुळला नाही तर डोळे मिटून नवा भरू नका. जुना टारबॉल आणि नवा टारबॉल उलगडून ‘डिफ’ करा. लेखकाने टॅग गुपचूप हलवला असेल तर तसं दिसेल, आणि आत आणखी काही घुसलं असेल तर तेही.

खालचा अर्धा भाग

प्रिपेअर, बिल्ड, चेक, पॅकेज ही चार फंक्शन्स. रस्टसाठी यांचा साचा ठरलेला आहे.

प्रिपेअरमध्ये ‘कार्गो फेच’ला ‘--लॉक्ड’ जोडून सगळ्या डिपेंडन्सी आधीच उतरवून घ्या. नेटवर्कचं काम एवढंच. पुढे बिल्डमध्ये ‘कार्गो बिल्ड --फ्रोझन --रिलीज’: फ्रोझन म्हटल्यावर कार्गो नेटकडे बघतही नाही आणि लॉक फाइललाही हात लावत नाही. वाचणाऱ्याला यातून लगेच कळतं की बिल्डच्या मधोमध काही ओढलं जात नाहीये. रस्टअप (रस्टच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) वापरणाऱ्यांच्या मशीनवर नाइटली कंपायलर डीफॉल्ट असू शकतो, म्हणून रस्टअप-टूलचेन हे व्हेरिएबल ‘स्टेबल’ करून एक्स्पोर्ट करा. कार्गो-टार्गेट-डिर ‘टार्गेट’ ठेवा, नाहीतर ज्याने ते स्वतःच्या सेटिंगमध्ये दुसरीकडे वळवलंय त्याच्याकडे पॅकेजच्या पायरीला बायनरी सापडतच नाही. एखाद्या क्रेटच्या पोटात सीचा कोड असेल आणि लिंक करताना अनोळखी सिम्बॉलच्या तक्रारी आल्या, तर ऑप्शन्समध्ये ‘!एलटीओ’ लावून बघा.

चेकमध्ये ‘कार्गो टेस्ट --फ्रोझन’. आणि इथे रंगाच्या साधनाची खास डोकेदुखी सुरू होते.

टर्मिनलला २४ बिटांचा रंग सांगायचा तर एस्केप कॅरेक्टर, चौकोनी कंस, मग ३८;२; आणि लाल, हिरवा, निळा यांचे ० ते २५५ मधले आकडे, शेवटी एम. सगळी टर्मिनल हे समजत नाहीत. म्हणून बरीच साधनं आधी कलरटर्म हे व्हेरिएबल बघतात: त्यात ‘ट्रूकलर’ असेल तर वरचा क्रम, नसेल तर २५६ रंगांच्या जुन्या तक्त्यातला जवळचा रंग. शिवाय नो-कलर हे व्हेरिएबल असेल तर रंगच नाही, आणि आउटपुट टर्मिनलऐवजी पाइपात जात असेल तरी नाही. आता टेस्ट लिहिणाऱ्याने स्वतःच्या झकास टर्मिनलमध्ये ‘शेंदरी मागितला की नेमके हे बाइट यायला हवेत’ अशी टेस्ट लिहिलेली असते. तुमच्या टर्मिनलमधली व्हेरिएबल्स बिल्डच्या बंदिस्त वातावरणात पोचतीलच असं नाही. साधन मुकाट्याने २५६ रंगांवर उतरतं आणि टेस्ट पडते.

यावर नवशिका पॅकेजर चेक फंक्शनच उडवून टाकतो. तसं करू नका. टेस्ट चालवण्याच्या ओळीतच कलरटर्मला ‘ट्रूकलर’ द्या, नो-कलर काढून टाका. निम्म्याहून अधिक टेस्ट एवढ्याने उभ्या राहतात. एखादी टेस्ट खरोखरच्या टर्मिनलची रुंदी विचारत असेल तर तेवढीच एक ‘--स्किप’ने वगळा आणि वरच्या ओळीत कमेंट लिहा: खरं टर्मिनल लागतं म्हणून वगळली. मग मूळ प्रकल्पाकडे तक्रार नोंदवा, म्हणजे पुढच्या आवृत्तीत ही ओळ काढता येईल.

पॅकेज फंक्शनमध्ये फक्त ‘इन्स्टॉल’ कमांडच्या ओळी असाव्यात. बायनरी पीकेजी-डिरच्या (पॅकेज रचायच्या तात्पुरत्या फोल्डरच्या) आतल्या ‘यूएसआर/बिन’मध्ये, परवानगी ७५५. लायसन्स, मॅन पेज वगैरे ६४४. बॅशची कम्प्लीशन्स ‘यूएसआर/शेअर/बॅश-कम्प्लीशन/कम्प्लीशन्स’मध्ये, झेडशेलची ‘यूएसआर/शेअर/झेडएसएच/साइट-फंक्शन्स’मध्ये अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या नावाने, फिशची ‘यूएसआर/शेअर/फिश/व्हेंडर_कम्प्लीशन्स.डी’मध्ये. मॅन पेज तुम्ही दाबून देऊ नका, ते मेकपीकेजी करतो. ‘यूएसआर/लोकल’मध्ये पॅकेजने काहीही ठेवायचं नाही, ती जागा मशीनच्या मालकाची.

मोरपंखी सापडत नाही

आता ती नावांची यादी. रंगवेचच्या रेपोत ‘डेटा’ फोल्डरमध्ये ती एका टॉमल फाइलमध्ये आहे असं समजू. लेखकाने कोडमध्ये फाइलचा मार्ग कसा लिहिलाय? रस्टमध्ये कार्गो-मॅनिफेस्ट-डिर नावाचं एक व्हेरिएबल कंपाइलच्या वेळी मिळतं, प्रकल्पाच्या फोल्डरचा पूर्ण मार्ग सांगणारं. ‘एन्व्ह!’ मॅक्रोने ते घेतलं की तो मार्ग बायनरीत कोरला जातो. लेखकाच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालतं. टेस्ट पास होतात. तुम्ही बिल्ड करता, इन्स्टॉल करता, ‘मोरपंखी’ मागता, मिळतो. कारण तुमच्या बिल्डचं फोल्डर अजून तुमच्या डिस्कवर आहे! ते पुसलं की मोरपंखी गायब.

मेकपीकेजी याची सूचना देतो: ‘पॅकेजमध्ये एसआरसी-डिरचा (सोर्स उलगडलेल्या बिल्ड फोल्डरचा) उल्लेख आहे’ अशा अर्थाची एक पिवळी वॉर्निंग बिल्डच्या अखेरीस येते. बिल्ड थांबत नाही, म्हणून ती ओळ हमखास नजरेआड होते. रस्टच्या बायनरीत पॅनिकच्या संदेशांसाठीही फाइलींचे मार्ग उरू शकतात, त्यामुळे प्रत्येक वेळी ही वॉर्निंग जीवघेणी असेलच असं नाही. तेव्हा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ‘स्ट्रिंग्ज’ कमांडने बायनरीतला मजकूर काढा आणि बिल्ड फोल्डरच्या मार्गासाठी ‘ग्रेप’ करा. मार्गाच्या शेवटी ‘डॉट आरएस’ दिसलं तर तो बहुधा पॅनिकचा निरुपद्रवी उल्लेख, ‘डेटा’ किंवा ‘टॉमल’ दिसलं तर चोर सापडला.

उपाय दोन. यादी छोटी असेल तर ‘इन्क्लूड_स्ट्र!’ने ती बायनरीतच घालायची. बाहेर फाइलच नको आणि पॅकेजरला कामच नको. काही शे रंगांसाठी हाच मार्ग उत्तम. वापरणाऱ्याने स्वतःचे रंग भरावेत अशी इच्छा असेल तर मूळ यादी ‘यूएसआर/शेअर/रंगवेच’मध्ये ठेवायची, साधनाने आधी घरच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये बघायचं आणि मग तिथे. दोन्हींत कोड मूळ प्रकल्पात बदलायला हवा. तोवर तुम्हाला घाई असेल तर प्रिपेअरमध्ये एका ओळीचा ‘सेड’ चालेल, पण वर कमेंट हवी. विनाकमेंट सेड म्हणजे संशयी वाचकाला आमंत्रण.

कोऱ्या सीएचरूटमध्ये बिल्ड

तुमच्या मशीनवर वर्षानुवर्षं जमलेली शेकडो पॅकेजं असतात. त्यातलं एखादं बिल्डला लागत असेल आणि तुम्ही ते लिहायला विसरला असाल तर तुमच्याकडे कधीच कळणार नाही. म्हणून डेव्हटूल्समधली ‘पीकेजीसीटीएल बिल्ड’ ही कमांड वापरा. ती फक्त बेस-डेव्हल असलेली कोरी, वेगळी व्यवस्था, म्हणजे सीएचरूट, उभी करते आणि तिच्यात पॅकेज बांधते. पहिल्यांदा वेळ लागतो, डाउनलोडही बरंच होतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर हे काम चांगल्या नेटवर ढकला, पण वगळू नका.

मग नेमकॅप दोनदा चालवा, एकदा पीकेजीबिल्डवर, एकदा तयार झालेल्या झेडएसटी फाइलवर. तो राहून गेलेल्या लायब्ररी दाखवतो, चुकीच्या परवानग्या दाखवतो. ‘ही डिपेंडन्सी लागत नाही’ असं तो म्हणाला तर मात्र लगेच मान्य करू नका. साधन एखादी कमांड चालू असताना बाहेरून बोलावत असेल तर नेमकॅपला ते दिसत नाही. बिल्डनंतर शेजारी ‘-डीबग’ नावाचं दुसरं पॅकेज दिसलं तर गोंधळू नका, आर्चच्या हल्लीच्या सेटिंगमध्ये ते आपोआप तयार होतं.

शेवटी इन्स्टॉल करून हाताने वापरा. साध्या टर्मिनलमध्ये, टीमक्समध्ये, आणि कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मिळणाऱ्या नुसत्या कन्सोलवरही. तिथे रंग मोजके असतात आणि स्लायडरची चिन्हं तुटण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

पुश

एयूआरचं सध्याचं गिटचं रूप २०१५ पासूनचं. नव्या पॅकेजसाठी फॉर्म वगैरे भरायचा नाही. हव्या त्या नावाची रेपो एसएसएचने क्लोन करा, गिट ‘रेपो रिकामी आहे’ म्हणेल, ते अपेक्षितच आहे. शाखेचं नाव ‘मास्टर’च हवं. तुमच्या गिटची डीफॉल्ट शाखा ‘मेन’ असेल तर आधी बदला, कारण एयूआर दुसरी शाखा घेत नाही.

पीकेजीबिल्डसोबत डॉट-एसआरसीइन्फो ही फाइल लागते. एयूआरची साइट तुमची बॅश चालवत नाही, ती या फाइलमधून नाव, आवृत्ती, डिपेंडन्सी वाचते. ‘मेकपीकेजी --प्रिंटएसआरसीइन्फो’चं आउटपुट त्या फाइलमध्ये वळवलं की झालं. प्रत्येक कमिटमध्ये ती असायलाच हवी. एका जरी कमिटमध्ये राहिली तर सर्व्हर पूर्ण पुश परत पाठवतो, आणि नंतरच्या कमिटमध्ये टाकून भागत नाही, तो जुना कमिट दुरुस्त करावा लागतो.

गिटइग्नोरमध्ये आधी सगळंच वगळा आणि मग हव्या त्या फाइली उद्गारचिन्हाने परत आत घ्या, म्हणजे चुकून टारबॉल चढत नाही. पीकेजीबिल्ड वगैरे फाइलींसाठी झिरो-बीएसडी लायसन्सची फाइलही जोडावी. पॅकेज उद्या अधिकृत रेपोत गेलं तर लायसन्सचा प्रश्न उरत नाही.

पुशची कमांड देण्याआधी ‘गिट लॉग’ काढून स्वतःचं नाव आणि ईमेल बघून घ्या. एकदा चढलेला इतिहास फोर्स-पुशने बदलता येत नाही आणि तो सगळ्यांना दिसतो. ऑफिसचा ईमेल त्यात गेला की गेला.

गिटवरून बनणारं भावंड

काहींना रिलीजची वाट बघायची नसते. त्यांच्यासाठी ‘रंगवेच-गिट’ असं वेगळं पॅकेज करतात: सोर्स म्हणून गिट रेपो, पीकेजी-व्हर नावाचं फंक्शन ‘गिट डिस्क्राइब’वरून आवृत्ती काढतं, आणि प्रोव्हाइड्स व कॉन्फ्लिक्ट्समध्ये ‘रंगवेच’ लिहायचं म्हणजे दोन्ही एकदम इन्स्टॉल होत नाहीत. मूळ प्रकल्पात रोज कमिट होतात म्हणून रोज पुश करत बसू नका. पॅकेजिंग बदललं तरच करा, आवृत्ती बिल्डच्या वेळी आपोआप निघते. तयार बायनरी उतरवणारं पॅकेज असेल तर नावाला ‘-बिन’ लागतो. रंगवेचसारख्या छोट्या साधनासाठी मला तरी ‘-बिन’ची गरज वाटत नाही. बिल्ड आटोपशीर आहे, आणि वाचणाऱ्याला सोर्सवर विश्वास ठेवणं सोपं जातं.

पुढची देखभाल

नवी आवृत्ती आली की क्रम ठरलेला: पीकेजी-व्हर बदला, पीकेजी-रेल १ करा, चेकसम काढा, लायसन्स आणि लॉक फाइलमधला फरक चाळा, कोऱ्या सीएचरूटमध्ये बिल्ड करा, एसआरसीइन्फो नव्याने काढा, पुश. आवृत्त्यांवर लक्ष ठेवायला एनव्हीचेकर आहे. एकच पॅकेज असेल तर गिटहबवर त्या प्रकल्पाच्या रिलीजच्या सूचना चालू केल्या तरी पुरतं.

लोक पॅकेजला ‘आउट ऑफ डेट’चा झेंडा लावतील. कधी रिलीज झाल्यावर अर्ध्या तासात, कधी बिल्ड होत नाही म्हणून (त्यासाठी झेंडा नसतो, कमेंट असते, पण ते कोण वाचतं). चिडू नका, दुरुस्त करा किंवा एका ओळीत उत्तर द्या. दोन आठवडे मेंटेनरचा काहीच प्रतिसाद नसेल तर कोणीही पॅकेज बेवारस घोषित करण्याची विनंती करू शकतो. पॅकेज लोकप्रिय झालं, साधारण दहा मतं मिळाली, तर आर्चचा एखादा पॅकेज मेंटेनर ते एक्स्ट्रामध्ये घेण्याचा विचार करू शकतो. तसं झालं की तुमची एयूआरवरची प्रत काढली जाते.

वेळ मिळेनासा झाला तर आधी सह-मेंटेनर शोधा, त्याचं काम चार-दोन आवृत्त्या बघा, मग मालकी त्याच्याकडे द्या. ‘डिसओन’चं बटण दाबून पॅकेज तसंच सोडलंत तर पुढे ते कोण उचलेल यावर तुमचा काही ताबा राहत नाही. ॲक्रोरीडही असंच उचललं गेलं होतं.